अंगावर शिवायचं नाही

डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या मराठी घरांत कुणाचं पोर ट्रॅम्पोलिनवरून पडून हनुवटी फोडून घेतं ना, तेव्हा त्याची आई आधी मृणालिनीला फोन करते आणि एवढंच विचारते, आज ड्यूटीवर आहेस का गं? कारण तिचे टाके. डब्लिनच्या एका सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे ती, मिरजेला शिकलेली, उंचीने एवढीशी, आणि चेहऱ्यावरची जखम आली की तिथल्या नर्सेससुद्धा तिलाच शोधत फिरतात. गप्पा मारत मारत टाका घालते. पोराला विचारते, कुत्र्याचं नाव काय, शाळेत कोण आवडत नाही, आणि ते नावं सांगेपर्यंत झालेलं असतं. वर्षभराने बघितलं तर कुठे लागलं होतं ते पोराच्या आईलाही पटकन सापडत नाही.

आणि हीच बाई घरात कुणाच्या शर्टाचं लोंबणारं बटण शिवायचं म्हटलं की म्हणते, आधी शर्ट काढ.

म्हणजे काढच. चर्चा नाही. २०२०च्या मार्चमध्ये तिचा नवरा अभिजित, औषधांच्या कंपनीत इंजिनियर, त्याचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता, आणि सुरू व्हायला जरासाच वेळ असताना गळ्याचं बटण तुटलं. मृणालिनी सुईदोरा घेऊन आली खरी, पण अंगावर शिवेना. तो म्हणाला, अगं वेळ नाही. ती म्हणाली, मग बोलण्यात वेळ का घालवतोयस? शेवटी हा माणूस बनियनवर लॅपटॉपसमोर उभा आणि ती सोफ्यावर बसून बटण शिवतेय, आणि पलीकडची मंडळी दोन मिनिटं आधीच जॉइन झाली. नोकरी मिळाली ती गोष्ट वेगळी. अभिजित अजून सांगतो की मला बनियनवर सिलेक्ट केलंय.

हा नियम तिच्या आईचा, लताबाईंचा, मिरजेचा. अंगावरचा कपडा शिवायचा नाही. लहानपणी फ्रॉक उसवला आणि शाळेची घंटा झाली तरी आई फ्रॉक काढायला लावायची. का, विचारलं की म्हणायची, अंगावर शिवतात ते जे उठणार नसतं त्याला. बस. मृणालिनीने पुढे डिसेक्शन केलं, पोस्टमॉर्टेम बघितली, परदेशात आली, तिथल्या परीक्षा दिल्या, सगळं केलं, पण हा नियम हाताला चिकटून राहिला तो राहिलाच. तिला स्वतःलाही हसू यायचं त्याचं.

मग २०२०चा एप्रिल आला आणि हसू येणं बंद झालं. कॅज्युअल्टीतून तिला वॉर्डात टाकलं होतं. नर्सिंग होममधून म्हातारी माणसं यायची आणि जायची, घरचं कुणी जवळ नाही, आणि शेवटी प्रेताच्या पिशवीची चेन पायापासून गळ्यापर्यंत ओढायची. ती ओढताना कितीतरी वेळा तिच्याच हातात होती. ती घरी त्याबद्दल बोलली नाही. फक्त त्यानंतर घरात कुणाच्या अंगाजवळ सुई आली की ती चटकन उठायची, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी चेष्टा करायचं नाही.

आता या गोष्टीत एक घोडाही आहे, तो कुठून आला ते सांगायला हवं.

त्यांची मुलगी स्वरांगी तेव्हा बारावीच्या बरोबरीची परीक्षा रद्द झाल्यामुळे घरात नुसती येरझारा घालत होती. पुढे कॉलेज सुरू झालं तेही तिच्या खोलीतल्या लॅपटॉपवर. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम होता, आणि तिने फोनवर नकाशा काढून ते वर्तुळ बघितलं तर त्यात एअरपोर्टची धावपट्टी, दोन सुपरमार्केट, एक स्मशान आणि गाविनो नावाच्या माणसाचा घोड्यांचा तबेला. ती तबेल्यात गेली. शिकवण्या बंद होत्या, पण घोड्यांना खायला तर घालायलाच लागतं, म्हणून लीद काढायला माणूस हवंच होतं. वर्षभर तिने लीद काढली आणि त्या बदल्यात गाविनोने तिला घोड्यावर बसायला शिकवलं. मृणालिनीला वाटलं होतं पोरगी दोन आठवड्यांत कंटाळेल. पोरगी घरी यायची ती घोड्याच्या वासाची, भुकेलेली आणि बडबडत. त्या वर्षात घरात बडबडणारं असं ते एकच माणूस होतं.

गाविनो आयरिश नाही. तो सार्डिनिया नावाच्या इटलीच्या बेटावरचा, साठी ओलांडलेला, चालताना एक पाय ओढणारा. तरुणपणी घोडे सांभाळायला आयर्लंडमध्ये आला आणि राहिला. इंग्लिश असं बोलतो की आयरिश माणसाला वाटतं इटालियन आहे आणि इटालियन माणसाला वाटतं आयरिश आहे. त्याच्या गावात दरवर्षी कार्निव्हलमध्ये घोडेस्वारांचा सण असतो. रस्त्यावर दोरीला पत्र्याची चांदणी टांगतात, चांदणीला मधोमध भोक, आणि स्वाराने भरधाव येऊन तलवारीचं टोक त्या भोकात घालून चांदणी उचलायची. जितक्या चांदण्या, तितकं वर्ष चांगलं जाणार. आणि सगळ्यांच्या पुढे असतो म्होरक्या स्वार. त्याला टेबलावर उभं करून सजवतात. पांढरा घोळदार सदरा, बाह्यांवर लाल रिबिनी, वरून चामड्याची बंडी, डोक्यावर लेस, त्यावर उंच टोपी, आणि चेहऱ्यावर लाकडी मुखवटा. एकदा टेबलावर चढला की सण संपेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. घोडाच टेबलाशी आणतात, तो टेबलावरून थेट खोगिरावर.

आणि तो पोशाख त्याच्या अंगावर शिवतात. घरातल्या बायका, सुईदोऱ्याने, टेबलाभोवती उभ्या राहून.

२०२१ मध्ये गावात सण झालाच नाही, साथीमुळे. फेब्रुवारीत सणाच्या दिवशी गाविनो दिवसभर घोड्यांनाच खरारा करत बसला. मग जून उजाडला, बाहेर उघड्यावर लोक जमायला परवानगी मिळाली, आणि त्याने तबेल्यातल्या पोरांना सांगितलं की आपण जुलैत इथेच करायचं. त्याच्या बहिणीने गावाहून पेटीभर कपडे पाठवले. आणि म्होरक्या म्हणून त्याने निवडली स्वरांगी, कारण लीद काढण्यात तिने एकही दिवस खाडा केला नव्हता.

स्वरांगी घरी आली ती नाचतच. आईला सगळं सांगितलं, टेबल, मुखवटा, तलवार, आणि शेवटी म्हणाली, आणि शिवायला घरातली बाई लागते, म्हणजे तू, आणि गाविनोला मी ऑलरेडी सांगितलंय की माझी आई आख्ख्या आयर्लंडमध्ये बेस्ट टाके घालते.

मृणालिनी कणीक मळत होती. ती मळतच राहिली. अभिजितने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि हळूच कपाट उघडून नसलेलं काहीतरी शोधायला लागला.

दुसरं कुणी शिवलं तर, असं त्याने नंतर सुचवून बघितलं. ती म्हणाली, कुणीही शिवलं तरी शिवणार पोरीच्याच अंगावर ना? मग त्याच्यातला इंजिनियर जागा झाला आणि म्हणाला, वेल्क्रो लाव. ती चिडली, पण आयडिया डोक्यात राहिली. वेल्क्रो नाही, टिचबटणं. दोन रविवार बसून तिने त्या सदऱ्याला आतून टिचबटणं लावली. रिबिनींना, बंडीला, लेसला, जिथे जिथे अंगावर टाका पडणार होता तिथे तिथे. इतकं सफाईने की बाहेरून बघितलं तर शिवल्यासारखंच वाटावं. अंगात घालायचं, टक टक टक दाबायचं, झालं. स्वतःवर खूश होती ती. नियमही राहिला, पोरगीही बसली घोड्यावर. स्वरांगीला तिने एवढंच सांगितलं की हे जास्त प्रॅक्टिकल आहे. गाविनोला दोघींनीही काही सांगितलं नाही.

सणाच्या आदल्या शनिवारी रंगीत तालीम होती. तबेल्यामागच्या मैदानात दोन खांबांना दोरी बांधलेली, चांदणी टांगलेली, वरून दर थोड्या वेळाने विमान उतरतंय. विमानांचं त्या घोड्यांना काही वाटत नाही, जन्मापासून ऐकतात. स्वरांगीची घोडी काळी, नाव मोली, एरवी एकदम शांत. स्वरांगीने तिला पळवली, वेग घेतला, तलवारीचा हात लांब केला, आणि तो हात ताणला गेला तशी बाहीवरची टिचबटणं एकामागून एक उघडली. तड तड तड. लाल रिबीन सुटून मागे उडाली, मग खाली येऊन मोलीच्या पोटाखाली फडफडायला लागली. मोली बिथरली. एका बाजूला उडी मारली, मग दुसऱ्या, लेस स्वरांगीच्या डोळ्यांवर आली, तलवार पडली. पोरगी मानेला मिठी मारून टिकली, कशी ते तिलाच ठाऊक. कुंपणाजवळ जाऊन मोली थांबली तोवर मृणालिनी मैदानाच्या मध्यापर्यंत धावत पोचली होती.

गाविनोने रिबीन उचलली. टिचबटण बघितलं, अंगठ्याने दाबलं, उघडलं, परत दाबलं. तो ओरडला नाही. तो म्हणाला की आमच्याकडे शिवतात ते शोभेसाठी नाही, ते ह्यासाठी. आणि अगदी शांतपणे हेही म्हणाला की पुढच्या शनिवारी एक तर पोशाख शिवलेला असेल, नाहीतर म्होरक्या दुसरा असेल. शिवल्याशिवाय मी तिला घोड्यावर चढवणार नाही, तुझी पोरगी आहे म्हणून नाही, माझी पण आहे म्हणून.

मग त्याने विचारलं की तू का नाही शिवत? तुझे टाके तर फेमस आहेत.

"तिथे मी चामडीला टाके घालते," मृणालिनी म्हणाली. "कपड्याला नाही."

गाविनोला ते कळलं नाही. आपल्याला तरी कुठे कळतंय, असं तिचं तिलाच वाटलं.

घरी आल्यावर स्वरांगीने बूट काढले आणि तिथेच पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. ती म्हणाली, आई, तू सायन्सवाली आहेस, आणि इट्स अ शर्ट. मृणालिनीला उत्तर देता येत होतं, तोंडात आलंही होतं. तिला सांगायचं होतं की गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या त्या पिशव्या, त्या चेनी, आणि ह्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेला तुझी आजी आजारी, घरात एकटी, आणि इथून काहीच करता येत नाही, रोज फोन करून फक्त विचारायचं, आई, चव आली का? तोंडाला चव आली का? आणि ती म्हणायची, न्हाई. मग एक दिवस आजी म्हणाली, लोणचं आंबट लागालंय, आणि मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये बसून रडले. एवढ्यातून सगळी सहीसलामत निघाली आहेत, आणि आता मीच सुई घेऊन कशी उभी राहू?

ह्यातलं तिच्या तोंडून फक्त पिशव्यांचं तेवढं निघालं, पण स्वरांगीला बाकीचं दिसलं असावं. कारण ती उठून आईजवळ आली, आणि मग पोरगी आपल्या आईवरच गेलेली असल्यामुळे तिने सरळ फोन काढला आणि मिरजेला व्हिडिओ कॉल लावला.

मृणालिनी नको नको म्हणत होती. आई काय म्हणणार ते माहीत होतं ना. आई नाही म्हणणार, मग विषय कायमचा संपणार, आणि पोरगी आजीवर रागावणार, ते तिला नको होतं. पण तोवर लताबाईंचं कपाळ आणि वरचा पंखा स्क्रीनवर आला होता.

स्वरांगीने आपल्या आयरिश मराठीत सगळं सांगितलं. घोडा, टेबल, पाय खाली टेकवायचे नाहीत, आई शिवत नाही. लताबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. घोडा कुणाचा, एवढा एकच प्रश्न मधे विचारला.

"मग शिव की," त्या मृणालिनीला म्हणाल्या. "कशाला अडून बसलीयास?"

मृणालिनीला वाटलं नेटवर्क गेलं आणि आपण भलतंच ऐकलं. "आई, तूच सांगितलंस ना. अंगावर शिवायचं नाही."

"न्हाईच शिवायचं. पर शिवायलाच लागलं तर तोंडात कायतरी धरायचं. लवंग धर, काडी धर, दोऱ्याचा तुकडा धर. ज्याच्या तोंडाला चव हाय ते जितं. मग कुठंबी शीव."

"हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"तू कवा इचारलंस? न्हाई म्हटल्यावर तू फ्रॉक काढून द्यायचीस. गुणाची पोर." मग लताबाई हसायला लागल्या, फोन हलला, पंखा दिसला, परत कपाळ दिसलं. "आणि तुझ्या लग्नात गं? अंतरपाट धरायला भटजी उभा, आणि तुझं ब्लाउज पाठीवर टराटरा उसवलेलं. ते काय मी काढून शिवलं व्हय?"

मृणालिनीला ती लवंग आठवली. कार्यालयातली ती मागची खोली, फुलांचा वास, आई पाठीमागे उभी राहून काहीतरी करतेय, आणि म्हणाली होती हे तोंडात धर, बोलू नकोस, घसा बसेल. तिने धरली होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत जीभ भाजत होती आणि अभिजितने हार घातला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते सगळ्यांना सासरी जाण्याचं वाटलं होतं.

"म्हणजे मला घशासाठी नव्हती दिलीस?"

"तुझा घसा कवा बसलाय?" लताबाई म्हणाल्या.

सोफ्यावरून अभिजित म्हणाला, म्हणजे मी शिवलेल्या मुलीशी लग्न केलं, आणि मला मात्र बनियनवर बसवलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मृणालिनी हसत होती. आणि हसता हसता तिने खुर्चीवर टाकलेला सदरा ओढून घेतला, कात्री घेतली, आणि एक एक करून सगळी टिचबटणं उसवायला बसली.

पुढच्या शनिवारी आयर्लंडमध्ये ऊन पडलं होतं, म्हणजे खरंखुरं ऊन, लोक लाल होऊन आइस्क्रीम खात फिरतायत असं. तबेल्याच्या अंगणात गाविनोने लांबलचक टेबल मांडलं होतं. पोरांचे आईबाप अंतर ठेवून खुर्च्या टाकून बसले होते. मराठी मंडळातली चार घरं डबे घेऊनच आली होती, कारण कुठेही जाताना ती डबे घेऊनच येतात. स्वरांगी टेबलावर चढली, आणि गाविनोने सगळ्यांना सांगितलं, आता हिचे पाय खाली नाहीत.

मृणालिनीने पर्समधून मसाल्याच्या डब्यातली लवंग काढली. मुखवटा घालायच्या आधी पोरीच्या तोंडात ठेवली, म्हणाली, चावायची नाही, धरून ठेवायची. गाविनोने विचारलं हे काय? तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने मान हलवली, हात पुढे केला, एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली, आणि तोंड वाकडं करून तिथेच उभा राहिला.

मग तिने सुई ओवली.

पहिला टाका खांद्यावर. बोटांखाली पोरीचा खांदा गरम होता, श्वासाने वरखाली होत होता. सुई कापडातून गेली आणि कातडीपासून बोटभर दूर राहिली, आणि ह्या अंतराची तर तिला आयुष्यभराची सवय. दुसरा टाका. तिसरा. मग तिचे हात तिला ओळखू यायला लागले. ती बोलायला लागली, नेहमीसारखी, कॅज्युअल्टीत बोलते तशी. घोडीला सकाळी काय दिलं, कॉलेजात कोण आवडत नाही. स्वरांगी लवंग सांभाळत मुखवट्याआडून उं उं करत होती. बाही झाली, दुसरी बाही, बंडी, लेस. आजूबाजूच्या आयरिश बायका जवळ येऊन बघायला लागल्या. एकीने विचारलं की तू ड्रेसमेकर आहेस का? मृणालिनी दोरा दाताने तोडत म्हणाली, हो, कधीकधी.

मोलीला टेबलाशी आणलं. स्वरांगी टेबलावरून खोगिरावर गेली, आणि त्या मुखवट्यात, त्या उंच टोपीत ती कुणाचीच पोरगी वाटेना. गाविनोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने फोन वर धरला होता, आणि फोनमध्ये समुद्रापलीकडे त्याची बहीण बघत होती.

पहिल्या फेरीत चांदणीला तलवार लागली, खण्णकन वाजली, गरगर फिरली, आणि तिथेच राहिली. लोक हळहळले. स्वरांगीने मोलीला वळवून परत लांब नेलं, मैदानाच्या टोकापर्यंत. परत निघाली. ह्या वेळी वेग जास्त होता. वरून विमान उतरत होतं, त्याची सावली मैदानावरून गेली, आणि हात लांब झाला, पूर्ण ताणला गेला, आणि मृणालिनी उजव्या खांद्याकडे बघत होती. त्या पहिल्या टाक्याकडे. रिबिनी बाहीला चपखल बसल्या होत्या, एकही फडफडत नव्हती. एकही टाका सुटला नाही. मोली वाऱ्यासारखी समोरून गेली तरी ती त्या खांद्याकडेच बघत राहिली, आणि सगळे उठून ओरडायला लागले तेव्हा तिने अभिजितला विचारलं की काय झालं?

"अगं, उचलली की," तो म्हणाला. "तू कुठे बघत होतीस?"

इतर स्वारांनीही फेऱ्या मारल्या, आणखी दोन चांदण्या आल्या, आणि गाविनोने जाहीर केलं की वर्ष बरं जाणार. मग मोलीला परत टेबलाशी आणलं, स्वरांगी खोगिरावरून टेबलावर आली. रिवाज असा की ज्याने शिवलं त्यानेच उसवायचं, आणि शेवटचा दोरा सुटल्यावरच पाय खाली. मृणालिनीने छोटी कात्री घेतली. मुखवटा काढला तर आत पोरीचा चेहरा घामाने निथळत होता, केस चिकटलेले, डोळे लकाकत होते.

तिने दोरे कापले. खांद्यावरचा पहिला टाका तिने शेवटपर्यंत ठेवला होता. तो कापायच्या आधी सवयीने विचारलं, दुखतंय का कुठे?

स्वरांगीने जीभ बाहेर काढून दाखवली. चघळून चघळून लवंगेचा एवढासा काळा तुकडा उरला होता.

"अजून तिखट लागतंय, आई," ती म्हणाली.

मृणालिनीने दोरा कापला, आणि पोरीने टेबलावरून खाली उडी मारली.